चिमूटभर धूप

—नाही, ते कळलं, पण हे ‘धम्मनिष्ठ’ कुणी छापलं? वाचता येतंय गं मला, चष्मा लावलाय— ‘धम्मनिष्ठ सिताराम सर यांचे व्याख्यान व सत्कार’. व्याख्यानाचं ठीक आहे. ‘रोममधले पहिले ख्रिस्ती, छळापासून राजमान्यतेपर्यंत’— हे मी झोपेतून उठवलं तरी बोलेन, पस्तीस वर्षं अकरावीच्या पोरांना तेच शिकवलं, तुलापण शिकवलंय, खिडकीकडचा बाक, शुभदा, बरोबर? नावं राहतात डोक्यात, सकाळी गोळी घेतली की नाही ते राहत नाही. पण सत्कार कशाला? आणि वर हे चिकटवलेलं विशेषण— दिघ्याच्या विहारात दोन-तीनशे माणसं बसणार, ज्यांनी खरंच सोसलंय अशी, आणि त्यांच्यापुढे मी शाल पांघरून निष्ठावान? खोडा ते. कार्डं वाटून झाली? मग मी येतच नाही, विषय संपला. सांगा सरांची तब्येत बरी नाही. बस, बस, उठू नको, चहा टाकलाय. साखर चालते ना तुला? मला बंद केलीय डॉक्टरने.

काय बघतेस, बाबासाहेबांचा फोटो? मोठा आहे ना? आमच्या सोसायटीत एवढा कुणाकडेच नाही. पाहुणा आला की आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, जरा मान देऊन. पाच बदल्या झाल्या, पाच गावं फिरला माझ्याबरोबर, दर वेळी गोधडीत गुंडाळून नेला. पण घेतला कधी माहितेय? एक्याण्णव साली. एक्याण्णवच का, त्याच्या आधी का नाही— हे तू विचारलं नाहीस. कुणीच विचारत नाही. जाऊ दे, आपण रोमचं बोलू.

रोमचं असं बघ— सन दोनशे पन्नास, सम्राट डेसियसने फर्मान काढलं की राज्यातल्या प्रत्येकाने देवांपुढे नैवेद्य दाखवायचा आणि दाखवला असा दाखला घ्यायचा. सिंहाच्या तोंडी दिले वगैरे सगळ्यांना माहीत असतं, पोरांना तेच आवडतं, पण खरी मेख त्या दाखल्यात आहे. दर वेळी सिंह नव्हता गं. दर वेळी होता एक कारकून, दोन पंच, आणि बाजूला निखारे. चिमूटभर धूप टाकायचा, सही घ्यायची, घरी जायचं. इजिप्तच्या वाळूत ते कागद सापडलेत, अजून वाचता येतात. मजकूर ठरलेला— मी नेहमीच देवांना पुजत आलोय, आता तुमच्यादेखत नैवेद्य दाखवला, प्रसाद चाखला, तरी सही मिळावी. त्यातलं ते ‘नेहमीच’ बघ तू. कुणी धूप टाकला, कुणी न टाकताच ओळखीने कागद मिळवला, आणि कुणी नाहीच म्हणाले— ते तुरुंगात गेले, काही तिथेच मेले. वर्गात दर वर्षी एकतरी पोरगं म्हणायचं, सर, चिमूटभर धूपच तर होता, टाकून द्यायचा ना, मनातलं मनात ठेवायचं. तेव्हा मी काय म्हणायचो आठवतं का तुला? मी म्हणायचो, पुढचा प्रश्न.

आता तुझ्या लक्षात येतंय. येऊ दे. आमचं गाव महाडकडचं. दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी घरातले देव टोपलीत घातले आणि आमच्या आईने— बायजाबाई तिचं नाव, तेव्हा नवी नवरी— ती टोपली डोक्यावर नेऊन नदीत सोडली. मागे वळून बघितलं नाही, असं ती शेवटपर्यंत सांगायची, तेवढाच तिचा अभिमान. देवांच्या जागी मग भिंतीवर फोटो आला, बाबासाहेबांचा, एवढासा, सागवानी चौकटीतला. आम्ही दोघं भावंडं त्याच्याखाली शिकलो, मी आणि माझी धाकटी बहीण राजी. सत्त्याऐंशी साली दोघांनीही केंद्र सरकारच्या नोकरीचे फॉर्म भरले, मी शाळेत मास्तरकीचा, तिने ऑफिसातल्या कारकुनीचा. आता नियम असा होता— तुमच्या वयाच्या पोरांना हे माहीतच नसतं— राज्यात बौद्ध लिहिलं तरी सवलत होती, केंद्रात नव्हती. केंद्रात बौद्ध लिहिलं की तुम्ही अनुसूचित जातीचे नाहीच. हिंदू लिहायचं, मग जात लिहायची, मग दाखला. हजारो लोकांनी लिहिलं. कागद तो कागद, घरी आपण आहोत ते आहोत, असं म्हणायचे, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, कुणाच्या घरात किती तोंडं होती मला काय माहीत. मी माझं सांगतोय. मी लिहिलं. राजीने नाही लिहिलं. तिने बौद्ध लिहिलं, तिचा फॉर्म परत आला, तिने तो घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि कामाला लागली.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, पुढचा प्रश्न. पण माझ्या अर्जावर कुणीतरी हरकत घेतली, हे लोक बौद्ध आहेत म्हणून, आणि चौकशी लागली. साहेब घरी येऊन बघणार. आदल्या दिवशी मी बाजारात जाऊन लक्ष्मीची तसबीर आणली, काचेची, सोनेरी कागद लावलेली. अगरबत्तीचा पुडा आणला. आईला म्हटलं अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. आई चुलीकडे तोंड करून बसली. मी स्टुलावर चढून फोटो काढला आणि त्याच खिळ्याला— बरं का, दुसरा खिळा मारायचीपण तसदी घेतली नाही— त्याच खिळ्याला ती तसबीर टांगली. धुराने काळवंडलेली भिंत, तीस वर्षं फोटो होता तिथे पांढरी चौकट उठलेली, आणि तसबीर निघाली लहान. चारी बाजूंनी पांढरं दिसतच होतं. आंधळ्यालाही कळलं असतं तिथे आधी दुसरं काहीतरी होतं. फोटो मी धान्याच्या कणगीमागे ठेवायला निघालो तर राजीने माझ्या हातातून घेतला. ओढून नव्हे, नुसता घेतला. म्हणाली, “दादा, याला मी कणगीमागे ठेवू देणार नाय.” आणि छातीशी धरून बाहेर गेली.

थांब हां, बेल वाजली— जमुना, आज नको गं. नाही, बोंबीलपण नको, पाहुणी आलीय. उद्या ये. हो, उद्या नक्की.— करावे गावातली कोळीण आहे ती, वीस वर्षं याच बिल्डिंगला मासे देते. मला गुरुजी म्हणते. काय बोलत होतो मी? चहा घे, साय येईल वर.

हां, साहेब आले. म्हातारा माणूस होता, दमलेला, छत्री दाराशी टेकवून आत आला. भिंतीकडे बघितलं, ती पांढरी चौकट बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं गं सगळं. पण त्यालाही चार गावं उरकायची होती. म्हणाला, “दिवाबत्ती करता ना रोज?” मी म्हटलं, नेहमीच. हाच शब्द, देवाशपथ— बघ, अजून तोंडात तेच येतं. आणि त्याच्यादेखत अगरबत्ती पेटवली, तीन वेळा ओवाळली, हात जोडले. आईच्या पाठीवर माझे डोळे होते. तिने वळून बघितलं नाही. नदीवरही नव्हतं बघितलं, तसंच. साहेबाने लिहून घेतलं, उठला, दारात गेला, आणि समोर फणसाच्या झाडाखाली राजी उभी. फोटो दोन्ही हातांनी धरलेला, बाहेरच्या बाजूला तोंड करून, सगळ्या जगाला दिसावा असा. साहेब थबकला. मला म्हणाला, “ही मुलगी कोण?”

काय सांगणार होतो? सांग ना. बहीण म्हटलं असतं तर कागद तिथेच फाटला असता. असं मी स्वतःला अडतीस वर्षं सांगतोय. फाटला असताच असं काही नाही, तो सही करायलाच आला होता, त्याने कदाचित मान हलवली असती आणि गेला असता. मी त्याला संधीच दिली नाही. म्हटलं, “शेजारची आहे, साहेब.” मोठ्याने म्हटलं, त्याला ऐकू यावं म्हणून. तिलाही गेलं ऐकू. पाच पावलांवर तर होती. रडली नाही, काही नाही. फोटो घेऊन तिथेच उभी राहिली, साहेब नजरेआड होईपर्यंत, आणि मग आत येऊन पांढऱ्या चौकटीत परत लावला. मी तसबीर काढायच्या आत तिनेच काढून ठेवली होती, नीट, काच न फोडता. लाज वाटते गं. म्हातारपणी माणसाला वाटतं सगळं निवेल, हे नाही निवत.

नव्वदला कायदा बदलला. बौद्ध लिहा आणि दाखला घ्या. तोवर राजीचं लग्न होऊन ती दिघ्याला आली होती, दोन पोरं, औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायला जायची. उभं राहून. तीस वर्षं. आणि मी? मी एक्याण्णवला हा भलामोठा फोटो घेतला. रोममध्येही तसंच झालं, तीनशे तेराला कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, राजा आपल्या बाजूला आला म्हटल्यावर चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळ्यांत पुढे कोण, तर ज्यांच्या जुन्या ट्रंकेत धुपाचे दाखले होते त्यांचीच पोरं-नातवंडं. पुढे राजाने बिशपांची मोठी सभा बोलावली, तिला जे म्हातारे आले त्यांच्यात काहींचा डोळा काढलेला, काही लंगडत चाललेले— ते मागे बसले असतील, मला वाटतं. पुस्तकात तसं नाही, मला आपलं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी नीट शिकवली नाही, परीक्षेला नाही म्हणून सोडून द्यायचो. डेसियसचा छळ थांबला तेव्हा धूप टाकणारे परत यायला लागले. त्यांना आत घेईनात. दाराबाहेर उभे राहायचे, जाडंभरडं नेसून, आत जाणाऱ्यांना विनवायचे, आमच्यासाठी प्रार्थना करा. काहीजण वर्षानुवर्षं. आणि तुरुंगात ज्यांनी सोसलं होतं ना, त्यांच्यापैकी काही जण चिठ्ठ्या लिहून द्यायचे— याला आत घ्या, माझं याच्याशी भांडण नाही. मोठमोठे बिशप चिडले त्यावर, म्हणाले, चिठ्ठीने असं कुणी आत येतं का? पण लोक चिठ्ठी घेऊन यायचे. ते वाचलं की मी पुस्तक मिटायचो. मला कोण लिहून देणार? आई गेली तेव्हा राजी भेटली होती, पानं मांडली तेव्हा मला विचारलं, भात वाढू का. पाहुण्याला विचारतात तसं. तेव्हापासून शेजारच्या ऐरोलीपर्यंत जातो मी, पुढे दिघ्याला नाही. म्हणून म्हणतो, शाल नको. ती त्या हॉलमध्ये बसलेली असेल आणि माईकवरून कुणीतरी धम्मनिष्ठ म्हणेल. मला नाही जमायचं.

अगं, पण एवढे लोक सोडून माझं नाव काढलं कुणी? तुमच्या कमिटीत मला ओळखतं कोण, तू सोडून?

कोण राजश्री? तुमच्या वाचनालयाच्या चाव्या असतात त्यांच्याकडे— बरं, मग? कुठे होत्या कामाला? ... औषधाच्या.

तिने नाव दिलं? स्वतःहून? हे ‘धम्मनिष्ठ’पण तिनेच... नाही, ते तुमच्या सेक्रेटरीने. बरं. आणि ती काय म्हणाली? आठव, नीट आठव, जसंच्या तसं. कोण म्हणून सांगितलं तिने माझ्याबद्दल? कसे ओळखता विचारलं असेल ना कुणीतरी.

“आमच्या गावचे आहेत. शेजारचे.”

एवढंच? हसली का सांगताना? बरं. नसेल लक्ष तुझं.

नाही, मी बरा आहे. पाणी नको. किती वाजता म्हणालीस रविवारी? पाचला. आणि ती कितीला येते— चावी तिच्याकडे म्हणजे आधी येत असेल. मी चारला येतो. स्टेजवर खुर्ची मांडू नका माझी. चपला काढतात ना बाहेर, तिथे मी उभा असेन, ती आली की मग बघू आत जायचं का ते. तिला काही सांगू नको. हे कार्ड राहू दे माझ्याकडे. राहू दे म्हणतो ना. जा आता तू, दार लोटून घे.