परत येण्याचं कारण

व्हिसा केंद्रात माझ्या मागच्या खुर्च्यांवर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीचा पासपोर्ट बंद पाकिटात परत आला होता.

"फोड ना गं ताई."

"तू फोड. मागच्या वेळी मी फोडलं आणि नकार निघाला."

"नकार तुझ्या अर्जामुळे निघाला. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, अर्जदार परत येईल याची खात्री पटत नाही."

"बासष्टाव्या वर्षी मला कोण तिथे ठेवून घेणार?"

"ते त्यांना कसं कळणार? घराचे कागद नाहीत, तुझ्या शिवणवर्गाचं पत्र नाही. परत येण्याचं कारण काय लिहिलंस?"

"तिथली थंडी मला सोसणार नाही."

"धन्य आहेस."

"खरं तेच लिहिलं. या वेळी सगळं जोडलंय बाई. तिथल्या आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा."

"त्यावर विश्वास बसला असेल त्यांचा? नवरी अठ्ठावन्न वर्षांची."

"आपला तरी कुठे बसला होता?"

दोघी इतक्या हसल्या की खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर केली. मग पाकीट फाटल्याचा आवाज आला.

"ताई, मिळाला गं."

"नीट बघ. नाव माझंच आहे ना?"

"नाव तुझंच आणि फोटोही तुझाच. तोंड पाडलेला."

"बिचारीने माझ्यासाठी दोनदा लग्नाची तारीख पुढे ढकलली. लाव तिला फोन."

"काय सांगू?"

"म्हणावं, आता तुझं मन बदललं तरी चालणार नाही. आम्ही येतोय."