डॉक्टरनं माझे हात मोजले

आमचं गाव दौलताबादच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला, आन् घर धनगराचं, म्हणजे पोटापुरती शेती आन् बाकी सगळं शेळ्या-मेंढ्यांवर. आबा, म्हणजे माझा बाप, उंच, आन् मी आबाच्याबी वर गेलो, आठवीतच लोक मला उंट म्हणायचे, वर्गात सगळ्यात मागं बसवायचे. पुढं शिकायला संभाजीनगरात वसतिगृहावर आलो, तर पायात घालायला बूट मिळंना. गुलमंडीत दुकानं पालथी घातली, दुकानदार म्हणायचा, भाऊ, तुझ्या मापाचं इथं येतच नाय. तिथंच रऊफ सर भेटले, बास्केटबॉल शिकवायचे ते, मला खालून वर बघितलं आन् म्हणले, अरे मियाँ, इत्ता लंबा होके तू करता क्या है? मी म्हणलो, बारावीला हाय. ते म्हणले, कल सुबह ग्राउंड पे आ.

काय सांगू तुम्हाला, तोवर मी तो बॉल हातात धरला नव्हता. पण हात लांब, पाय डोंगर चढून तयार झालेले, सरांनी रोज सकाळी पळवून पळवून घडवलं, चार वर्षांत तर लांबच्या शहरातल्या एका संघानं करारावर घेतलं. पगारी खेळाडू! पहिल्या मॅचला समोरच्यानं असा खांदा मारला की मी सरळ खुर्च्यांत. पण नंतर त्याचाच बॉल मी हवेत अडवला आन् सगळं स्टेडियम उठून उभं राह्यलं. गावात सगळे मोबाईलवर बघत व्हते. आबाचा फोन आला, म्हणला, एवढा लांब पळून बॉल टाकता, आन् त्या जाळीला बूडच नाय व्हय रं?

एक हंगाम खेळलो. दुसऱ्याच्या आधी सगळ्यांची तपासणी व्हती, नुसती रीत म्हणून. छातीवर ते मशीन फिरवता फिरवता डॉक्टर एकाच जागी थांबला, पुन्हा पुन्हा तिथंच बघू लागला. मग म्हणला, उभं राहा, हात पसरा. फीत घेऊन ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं. मला वाटलं, जर्सीचं माप असंल. मग म्हणला, घरात एवढं उंच कोण? मी म्हणलो, आबा, आन् थोरला चुलता व्हता. व्हता म्हणजे? म्हणलो, गेला, मेंढरांमागं उभा व्हता, छातीला हात लावला आन् तसाच खाली पडला, ऐन तिशीत, आमच्यात म्हणतात कोणी तरी करणी केली. डॉक्टरनं डोळे मिटले, खरंच मिटले. म्हणला, करणी नाय, हे रक्तातनं येतं, असे लांब हात-पाय ही त्याचीच खूण. काळजातनं निघणारी मोठी नस तुझी फुगलीय, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी, जोरात पळताना फुटली तर संपलं. आजपासून खेळ बंद.

मला हसू आलं. खरंच हसलो मी. म्हणलो, साहेब, कालच दोन तास पळालोय, मशीन बिघडलं असंल. मग तो काय काय सांगत व्हता, त्याचे व्हट हालताना दिसत व्हते, ऐकू काय येईना. एकच ऐकू आलं, वडलांना घेऊन ये, लगेच.

आबा येईना. म्हणला, माझं काय दुखत नाय, दवाखान्यात कामून येऊ? मग मी खोटं बोललो. म्हणलो, संभाजीनगरात माझी मॅच हाय, या बघायला. माणूस धुवून ठेवलेला फेटा बांधून आला. रिक्षा दवाखान्यापुढं थांबली तरी इकडंतिकडं ग्राउंडच हुडकत व्हता. तपासलं, तर त्याची नस माझ्या दुप्पट फुगलेली. तिथल्या डॉक्टरनं घरी जाऊच दिलं नाय, दुसऱ्या दिवशी छाती उघडली. मी बाहेर बसलो व्हतो नुसता, रडू बी येईना, रऊफ सर शेजारी दुवा मागत तसबीहचे मणी फिरवत व्हते.

आबा वाचला. चौथ्या दिवशी बोलायला लागला, पहिलं काय म्हणला ठाऊक हाय? तू तर मॅच हाय म्हणला व्हतास. तवा सांगितलं, आबा, आता मॅच नाय, कधीच नाय. त्यानं सुई टोचलेला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, आन् मग मी जो रडलो, त्या सगळ्या दिवसांचं तिथं रडलो.

आता रऊफ सरांच्याच ग्राउंडवर पोरं-पोरी शिकवतो. रोज गोळी, सहा महिन्याला तपासणी. कोणी लई उंच, लांब हाताचं आलं की आधी म्हणतो, काळजाची तपासणी करून या. आया भांडतात, आमच्या लेकराला कामून नजर लावता? ठेवू द्या म्हणा नावं. अजूनबी बॉलचा आवाज आला की पाय आपोआप उचलतात, मीच दचकतो, आन् खाली बसतो. आबा घरी हाय, दहा शेळ्या सांभाळतो, डोंगर चढत नाय. मी खेळायला गेलो नसतो तर तो आज नसता, हे अजून मला खरं वाटत नाय बघा. देवानं माझा खेळ घेतला, घेऊ द्या. बाप ठेवला. असंच तुमच्या घरचं माणूस तुम्हाला राहो.