नोंदणी सोडल्यावर

बर्नी गावच्या आरोग्य केंद्रात बाळाला लस द्यायला नेलं होतं. नंबर येईपर्यंत ते माझ्या दंडावर डोकं टेकून झोपून गेलं. मागच्या बाकावर नोलीन आणि मर्व्ह बसले होते. मर्व्ह म्हणजे गावाची हाडं-सांधे मोकळे करणारा जुना ऑस्टिओपॅथ.

"मर्व्ह, माझी मान तेवढी मोकळी करून दे ना रे. इथंच, बसल्या बसल्या."

"नाही गं. नोंदणी सोडली मी. आता कुणाची मान अशी वळवली, तर गुन्हा होतो."

"कोण बघतंय? ती बाळवाली? तिला बाळापुढे जग दिसत नाही."

"कायदा आहे, नोलीन. स्वतःला ऑस्टिओपॅथसुद्धा म्हणवून घेता येत नाही."

"मग क्लबात तुझी ओळख काय करून देऊ?"

"नुसतं मर्व्ह म्हण."

"पुन्हा कर की नोंदणी."

"हात थरथरतात आता. म्हणून तर सोडली. तू त्या नोंदणीवाल्या हॅटीकडे जा, मान चांगली मोकळी करते. मीही जातो."

"तुझीही मान आखडते?"

"छे."

"मग कशाला जातोस?"

"पाठ दुखते म्हणून सांगतो. तिथली भिंत पातळ आहे गं. पलीकडे कुणाची तरी मान कट्कन मोकळी होते, ते ऐकत पडून राहतो."