तारखा लिहिणारी पोरगी

कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर माझ्या मागच्या बाकावर केशोराव नावाचे एक बाबा शेजारच्या अनोळखी बाईंशी बोलत होते.

"माह्या पोरीचं, दुर्गेश्वरीचं, तोंड तीनदा वाकडं झालं, बाई."

"तीनदा? वारं लागलं असन."

"सारे तेच म्हणत. मी बी झाडफूक केली. तिनं मात्र तारखा लिहून ठेवल्या."

"कायच्या?"

"तोंड वाकडं झाल्याच्या अन् कान ठणकल्याच्या. तोंड वाकडं व्हायच्या दोन दिवस आधी दर खेपेले तिचा उजवा कान ठणके. नागपूरच्या डाक्टरले तिनं ते लिहिलेलं दाखवलं, तवा त्यानं कानाचं स्कॅन केलं."

"काय निंगालं?"

"तोंडाची नस कानात हाडाच्या नळीतून जाते म्हणे. हिच्या नळीले जन्मापासूनच भोक. कान सुजला का नस दबे."

"बापा! मंग ऑपरेशन?"

"झालं. डाक्टर आपल्या हाताखालच्या शिकाऊ पोराईले म्हणे, हा रोग या पोरीनंच पकडला."

"आता बरी हाय?"

"दोन वर्षं झाली, एकबारी बी नाही झालं. हासताना ओठ थोडा डावीकडं जाते, तेवढंच राहिलं."

"लग्नाले आडवं येईन ना ते?"

"परवाच पाहाले आले होते. पोराच्या मायनं विचारलं, ओठ असा काऊन? हिनं साऱ्याईले बसवून अर्धा घंटा नस समजावली."

"अन् त्याईनं नाही म्हटलं?"

"त्याईले पसंत होती. हिनंच नाही म्हटलं."

"कायले?"

"म्हणे, बाबा, एवढं सांगतलं, तरी त्या पोरानं एक बी सवाल केला नाही."