उत्तरोत्तर रांगत गेली

नाही, हसा तुम्ही, हसा, सगळेच हसतायत, पण मला एक सांगा, काना म्हणजे केवढा हो? एक उभी रेघ! नखाएवढी! ती चुकून पडली एका अक्षरापुढे, आणि माझ्या सख्ख्या वहिनीची आयुष्यातली पहिली मैफल, जी उत्तरोत्तर रंगत जायची होती, ती आमच्या साप्ताहिकात, ठळक अक्षरांत, फोटोसकट... 'उत्तरोत्तर रांगत गेली'!

आता आमचं साप्ताहिक तुम्ही पाहिलं असेल... नसेलच. फुकट असतं. सलूनमध्ये, दवाखान्यात, जिथे माणूस अडकून पडलेला असतो तिथे आम्ही ठेवतो. पानं सोळा, माणसं तीन. एक संपादक, एक पानं लावणाऱ्या बाई, आणि उरलेलं सगळं मी. गटार तुंबलं, मी. नाटक आलं, मी. शेवटच्या पानावरचं सडेतोड मत, तेही मीच, फक्त तिथे टोपणनाव. आणि पेपरच्या नावाखाली लाल अक्षरांत आमचं ब्रीद : 'जिथे कोणी नाही, तिथे आम्ही!' म्हणजे मोठे पेपर जिथे फिरकत नाहीत, तिथे आम्ही हजर. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच्यावरूनच मान खाली घालायचीय.

तर वहिनी. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून घ्यायला बसते. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघायचे, आणि संध्याकाळी क्लासला जाऊन गाणं शिकायचं, तेही मुलं हाताशी आल्यावर. आमची आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून माझा डबा वहिनीनं भरला, शर्टाची बटणं वहिनीनं लावली. ती पहिल्यांदा चारचौघांत गाणार होती, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मला म्हणाली, "भावोजी, मोठे पेपरवाले काही माझ्यासाठी जिने चढायचे नाहीत. तुम्ही मात्र या हं. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवते." मी छाती फुगवून म्हटलं, "वहिनी, म्हणजे काय! जिथे कोणी नाही, तिथे आम्ही!"

घोळ कुठे झाला सांगतो. कार्यक्रम बुधवारी संध्याकाळी, आणि आमची पानं छापायला जातात बुधवारी दुपारी. तुम्ही म्हणाल, मग पुढच्या अंकात छापा. छापा की! पण आमचे संपादक... ते पेन दातात धरून बोलतात... "अले, आठवल्यानं शिलं होतं ते! लिहून ताक! मैफल काय, लंगतेच!" टाकलं लिहून. न ऐकता! 'सुरेल आवाज', 'श्रोते मंत्रमुग्ध', 'उत्तरोत्तर रंगत गेली'... अहो, हे शब्द आमच्याकडे तयारच असतात, फक्त माणसाचं नाव बदलायचं!

बरं, लिहिलं ते लिहिलं, संध्याकाळी नुसतं जाऊन बसायला काय झालं होतं? काय झालं होतं म्हणजे... लिहीत होतो ना! ऑफिसात! पुढच्या अंकाचं सडेतोड मत! मथळा सांगू? नको, जाऊ दे... सांगतो. 'स्थानिक कलावंतांकडे पाठ फिरवणारे आपण'! असा रंगलो हो लिहिताना, असा रंगलो, की मान वर केली तेव्हा सफाईवाल्या बाई दिवे बंद करत होत्या. वाचनालयाला कुलूप लागून गेलं होतं. लाज वाटते हो, तुम्हाला सांगतानासुद्धा लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये बसलोय, अर्ध्या गालाला फेस, आणि तो न्हावी अंक वाचून मला विचारतो, "साहेब, रांगत गेली म्हणजे गुडघ्यांवर, का पोटावर?" सगळं सलून खो खो हसतंय, आणि मला उठता येतंय का? मानेवर वस्तरा! मी आपला आरशातल्या आरशात लाल होत होतो. म्हटलं, "अहो, काना आहे तो!" तर म्हणतो, "पण छान बसलाय हो."

तेवढ्यात दादाचा फोन. आमचा दादा म्हणजे शब्दाला शब्द मोजून. "वाचलं." मी म्हटलं, "दादा, अरे, काना..." "ती गात नाहीये." "म्हणजे?" "भांडी घासताना गायची. आता नुसती भांडी वाजतात." ठेवला फोन! पुढच्या कार्यक्रमाची विचारणा आली होती तिला, तेही नको म्हणून सांगणार म्हणे.

धावत संपादकांकडे गेलो. तर ते पेन काढून म्हणतात, "दुरुस्ती छापू! त्यात काय!" छापली. चौकटीत छापली. 'मागील अंकात मैफल "रंगत गेली" असे चुकून छापले गेले. वाचकांनी कृपया ते "रांगत गेली" असे वाचावे'! उलटं! दोन शब्द इकडचे तिकडे! म्हणजे आधी निदान चूक होती, आता आमचं अधिकृत मत झालं! संपादक म्हणाले, "दुरुस्तीची दुरुस्ती छापू! त्यात काय!" त्या दिवशी पानं लावणाऱ्या बाई घरून काम करत होत्या, म्हणून मी फोनवर सांगितलं, "बाई, रंगत! रंगातला रं!" मागे त्यांचा मिक्सर घरघरतोय. "भंगातला?" "अहो, रंग! रंग! भिंतीला देतात तो!" "हां हां, ओरडू नका, कळलं!" कळलं! 'मैफल उत्तरोत्तर भंगत गेली'!

आता मात्र ठरवलं, चौकट बास, स्वतः जायचं आणि पाय धरायचे. गेलो. बेल वाजवायचं धाडस होईना, पायपुसण्यावर उभा राहून पाय पुसतोय, पुसतोय... दार वहिनीनंच उघडलं. म्हणाली, "या भावोजी. चालत आलात, का रांगत?"

आत दादानं मोठा पेपर तोंडासमोर धरलेला, आणि पेपर हलतोय. मी म्हटलं, "वहिनी, शपथेवर सांगतो, नुसता काना..." "कान्याचं काय घेऊन बसलात? रांगतच गेली की! दुसऱ्याच गाण्याला माईक बंद पडला, साथीवाल्याचं पान हरवलं, मी कडवं विसरले. शेवटी शेवटी जरा उभी राहिली, एवढंच. मोठ्या पेपरनं एक ओळ टाकलीय, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' तो कुठला नाही पडत उत्साहात? खरं एकट्या तुमच्याकडे आलं. हे बघा, फ्रिजवर लावलंय मी."

लावलं होतं हो! चुंबकाखाली! मला इतकं हायसं वाटलं की मी चहासुद्धा मागितला, आणि वर, माझा निर्लज्जपणा बघा, म्हटलं, "मग गाणं का बंद केलंत?" वहिनी कप ठेवता ठेवता थांबली. म्हणाली, "खुर्चीवर माझी पर्स ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. शेवटपर्यंत तीच बसली होती. पहिल्या रांगेत बसून सगळं गाणं पर्सनं ऐकलं, भावोजी." दादाचा पेपर हलायचा थांबला. मला वाटलं, भुई दुभंगावी आणि मला ब्रीदवाक्यासकट पोटात घ्यावं. जिथे कोणी नाही... तिथे पर्स!

मग तीच म्हणाली, "पुढच्या बुधवारी परत गातेय. हो म्हणून कळवलंय मी. रांगू दे, नाहीतर भंगू दे, काय वाट्टेल ते छापा. पण या वेळी येऊन लिहा."

येणार म्हटलं. शब्द दिला. पण बुधवारच हो परत! पानं दुपारीच जाणार! संपादक पेन चावत उभे, "लिहून ताक!" काय करणार, टाकलं लिहून. पण या वेळी रंगत नाही, सुरेल नाही, मंत्रमुग्ध तर नाहीच. एकच ओळ लिहिली, कानेमात्रे स्वतः तीनदा तपासून : 'या मैफलीला आमचे प्रतिनिधी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत हजर होते.'

छापायला गेलंय आत्ताच. उठतो आता, हॉलवर जायचंय... जावंच लागणार हो, नाहीतर परत दुरुस्ती!