सुभद्राआजीचं रागावणं

सुभद्राबाईंची तेरवी आटोपून त्यांची लेक रागिणी पातूरच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होती. बाजूच्या बाकावर गावातल्या शाळेच्या दोन शिक्षिका बसल्या होत्या. त्या रागिणीला ओळखत नव्हत्या.

"प्रणाली, माह्या वर्गालेबी येड लावलं तुह्या कार्डांनी."

"मोबाईलवरची कार्डं तं तुमीबी केली, वंदनाताई."

"केली ना! भाज्यांचे फोटो, इंग्रजी नावं, सारं माह्या आवाजात. पोट्टे म्हंतेत, सुभद्राआजीचीच लावा."

"मी आजीले फक्त विचाराले लावलं अन् तिचा आवाज कार्डांत भरला. ‘सांग बापू, इंग्रजीत याले काय म्हंतेत?’ चुकलं का रागावते, ‘काहून रे, डोकं वावरात ठेवून आला का? पुन्हा सांग!’"

"मंग तुह्या पोट्ट्यायले मार्क कमी काहून?"

"येते त्यायले सारं. मुद्दाम चुकून राहिले."

"मुद्दाम?"

"बरोबर आलं का नुसती टाळी वाजते, ताई. चुकलं तरच आजी बोलते."

"आता तं गेली बिचारी."

"हो. तरी रोज चुकतेत."

"घ्या! गेलेल्या बाईशी मी काय बरोबरी करू?"

रागिणी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून आई तिला एकदाही रागावली नव्हती. पाहुणीसारखी जपायची.

ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"बाई, ती कार्डं मला दाखवता?"

प्रणालीने कौतुकाने मोबाईल पुढे केला. वांग्याच्या फोटोखाली दोन इंग्रजी नावं होती, ‘ब्रिंजल’ आणि ‘पोटॅटो’.

रागिणीने ‘पोटॅटो’वर बोट ठेवलं.