खलास करा!

हसू नका रे, मी खरंच मस्कतच्या एका कॉलेजात बास्केटबॉलचा हेड कोच होतो. फायनल हरलो तर नोकरी जाणार, असं प्रिन्सिपलनी बजावलेलं. शेवटची वीस सेकंदं उरलेली, आम्ही एका पॉइंटने पुढे, बॉल आमच्याकडे. जोशात मी आपला मुंबईच्या सवयीने ओरडलो, "खलास करा!"

अरबीत खलास म्हणजे संपलं! माझ्या ओमानी पोरांनी बॉल काखेत मारला आणि समोरच्यांशी हात मिळवायला लागले. समोरच्यांनीही मिठ्या मारल्या! मी "अरे, खेळा!" म्हणून बोंबलतोय तोवर भोंगा वाजला. जिंकलो!

प्रिन्सिपल धावत आले. "कोच, खलास!"

मला वाटलं, नोकरी गेली. "सर, पण जिंकलो ना?"

"म्हणूनच! पुढच्या वर्षीही तुम्हीच. ठरलं, खलास!"